तिसऱ्या रकान्यातला श्वास

केतकी मोहोळकर पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा मी एका विमा कंपनीसाठी विनोद लिहीत बसलो होतो. कंपनीचा बोलका यंत्र-मदतनीस ग्राहकांशी बोलताना मधूनच एखादा हलकाफुलका विनोद करतो, आणि तो लिहायला अजूनही माणूस लागतो. दिवसाला सहा. धर्म, जात, गाव, वय, वजन, धंदा आणि आजार यांचा उल्लेख चालत नाही. शिवाय अशी अट आहे की ग्राहकाला हसू आलं नाही तर आपल्याला विनोद सांगितला गेला हे त्याला कळता कामा नये. अडीच वर्षांत ते एकालाही कळलेलं नाही.

दारातली बाई तिशी ओलांडलेली होती, खांद्याला कापडी पिशवी. पराग तारळेकर तुम्हीच का, अशी तिने खात्री करून घेतली आणि मग म्हणाली, "मी वैजयंती मोहोळकरांची मुलगी."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं मनात ऐकत आलो होतो. फक्त मनात त्याच्या पाठोपाठ माझ्या कानाखाली आवाज निघायचा. प्रत्यक्षात तिने पाणी मागितलं.

*

जे लोक २०३० नंतर मोठे झाले त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. पूर्वी टीव्ही सगळ्यांचा एकच असायचा. डबा ज्याच्या त्याच्या घरी वेगळा, पण आत दिसायचं ते एकच. आता प्रत्येक घराला त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे यंत्र तिथल्या तिथे मालिका बनवून देतं. माझ्या शेजाऱ्यांकडच्या मालिकेतली सासू प्रेमळ आहे. वरच्या मजल्यावर तीच सासू तुरुंगात आहे. सगळे सुखी आहेत. फक्त सकाळी जिन्यात भेटल्यावर कुणाकडे बोलायला काही नसतं.

यात आमचा धंदा बसला. विडंबनाला दोनच गोष्टी लागतात: एक मूळ, आणि ते पाहिलेली दोन माणसं.

दोन्ही गोष्टी मुबलक होत्या त्या काळात, म्हणजे २०१० ते २०१२ ही तीन वर्षं, मी 'फिरवा बटण' नावाच्या कार्यक्रमात होतो. दर शनिवारी आम्ही इतर वाहिन्यांच्या कार्यक्रमांची टर उडवायचो. बातम्यांवरच्या चर्चा, भविष्य सांगणारे, रडणारे गायनगुरू, कुणालाही सोडत नसू. आमचे दिग्दर्शक दत्ता मेस्त्री मूळचे सुतारघरातले होते आणि विनोदही मापानेच कापायचे. ज्याची नक्कल करायची त्याचा कार्यक्रम आधी आवाज बंद करून बघायचा, मग पडद्याकडे पाठ करून ऐकायचा. मग वहीत तीन रकाने आखायचे. पहिला रकाना 'आहे', म्हणजे त्या माणसात खरोखर असलेलं. दुसरा 'वाढवलं', असलेलं पण ताणलेलं. तिसरा 'पदरचं', म्हणजे शुद्ध थाप. माप ठरलेलं: तीन भाग पहिल्या दोन रकान्यांतलं, एक भाग तिसऱ्यातलं. "सगळं खरं घेतलंस तर तो आरसा," मेस्त्री म्हणायचे, "सगळं पदरचं घातलंस तर ती बदनामी. लोक हसतात ते मधल्या जागेत."

नाव बदलण्याचाही नियम होता, वकिलाच्या सांगण्यावरून. आडनाव एक तालुका पलीकडे सरकवायचं. त्यामुळे 'अंगण' वाहिनीवरच्या 'सुई-दोरा' कार्यक्रमाच्या वैजयंती मोहोळकर आमच्याकडे जयवंती बार्शीकर झाल्या, आणि ती जयवंती तीन वर्षं मी होतो.

दुपारी अडीचला वैजयंतीबाई शिवण शिकवायच्या. गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर खडू, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढता त्या बोलायच्या आणि प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू यायचा. मी ओठांत तीसेक टाचण्या धरायचो आणि एकही शब्द ऐकू यायचा नाही. हा दुसरा रकाना. "कसंय बघा" असं त्या दर तिसऱ्या वाक्याला म्हणायच्या, हा पहिला. आणि कापड कापण्याआधी मी कात्री उगारून, डोळे मिटून, चार सेकंद छाती भरून श्वास घ्यायचो, आणि म्हणायचो, "बाई गं, आधी श्वास घे. मग कात्री घे." हा तिसरा.

तेच वाक्य महाराष्ट्रभर गेलं. लोक बोहल्यावर चढताना एकमेकांना म्हणायचे. परीक्षेच्या वर्गाबाहेर म्हणायचे. एका दंतवैद्याने दवाखान्यात पाटी लावली होती.

प्रत्यक्ष वैजयंतीबाई श्वासबिस काही घेत नसत.

एक तपशील राहिला. जयवंतीचा विग माझ्या डोक्यापेक्षा मोठा होता. वाहिनीने तो एका पौराणिक मालिकेतून उरलेला आणला होता. दोन्ही हात कामात असल्यामुळे तो उजवीकडे घसरला की मी मनगटाच्या मागच्या बाजूने वर ढकलायचो. मेस्त्रींना त्याचा इतका राग यायचा की संकलकाला ते नेमके तिथेच कापायला लावायचे. नवा विग आणायला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

२०१२च्या शेवटी 'सुई-दोरा' बंद झाला. शिलाई यंत्रांच्या ज्या कंपनीची जाहिरात त्यावर चालायची ती मागे हटली. आमच्या मेकअपच्या खोलीत बातमी अशी आली की बाईंचा चेहरा दिसला की लोकांना जयवंती आठवते आणि हसू येतं. हसणारा माणूस यंत्र विकत घेत नाही. खरं-खोटं मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्यांना मी एकदाच भेटलो, आणि भेटलो हे म्हणणंही तसं दुसऱ्या रकान्यातलं आहे. ठाण्यात एका पुरस्कार सोहळ्यात, जेवणाच्या रांगेत त्या माझ्यापुढे तीन माणसं सोडून होत्या. वळल्या. माझ्याकडे पाहिलं. नजर माझ्या कपाळाच्या उजव्या कोपऱ्यावर थांबली, आणि त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात मी फोन कानाला लावून बाहेर गेलो. फोन बंद होता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तीन वर्षं रोज दुपारी अडीचला एका बाईकडे बघत राहिलं, आधी आवाज बंद करून, मग पाठ फिरवून, की काय होतं ते मला त्या वयात कळत नव्हतं. त्यांची बोटं मला माझ्या आईच्या बोटांपेक्षा चांगली ठाऊक होती. पुढे माझं लग्न झालं आणि मोडलं. मोडताना बायको एवढंच म्हणाली की तू माणसाकडे बघतोस ते फक्त नक्कल करायची असल्यासारखं. तिचं अगदीच चूक होतं असं नाही.

२०१४ साली वैजयंतीबाई गेल्याचं वर्तमानपत्रात आतल्या पानावर वाचलं.

*

केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. इचलकरंजीला मावशीकडे वाढली, आता तिथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. आईचे तिच्याकडे बारा फोटो होते. आवाज एका सेकंदाचाही नव्हता. अंगण वाहिनी बुडाली तेव्हा तिच्या साठवणीच्या तबकड्या पुसून भंगारात गेल्या. कार्यक्रम इंटरनेटवर कधी टाकले नव्हते, कारण मालकाचं मत होतं की फुकट मिळालं तर लोक टीव्ही बघणं सोडतील. लोकांनी टीव्ही बघणं सोडलं, पण ते मालकाला नंतर कळलं.

उरलं होतं ते 'फिरवा बटण'. त्याचे सगळे भाग शाबूत होते. म्हणजे वैजयंती मोहोळकर या बाईचा जगात एकच हलता-बोलता पुरावा शिल्लक होता, आणि तो म्हणजे साडी नेसून विग लावलेला मी.

"पुण्यात एक केंद्र आहे," केतकी म्हणाली. "नकलेवरून मूळ माणूस काढून देतात. पण नक्कल करणारा जिवंत लागतो."

मी आहे की नाही ते बघायला ती आली होती. मग तिने तिला आठवणारी एकच गोष्ट सांगितली. बाकी सगळं फोटोंमुळे आठवतं की खरंच आठवतं हे तिला सांगता येत नव्हतं. ही एक मात्र तिची स्वतःची होती. रविवारी सकाळी आई तिची नखं कापायची. नेलकटर उगारून, डोळे मिटून मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, बाई गं, आधी श्वास घे, मग कात्री घे.

"तो श्वास एकदा बघायचाय मला, सर," ती म्हणाली. "बाकी नाही जमलं तरी चालेल."

मी चहा करायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

*

पुनर्रचना केंद्र पाषाणच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. तिथल्या यंत्राचं नाव 'निवळणी'. गढूळ पाणी शांत ठेवलं की गाळ खाली बसतो, तसं. ते चालवणारा डॉ. फरहान मुल्ला मिरजेचा, चाळिशीचा, बोलायला मऊ. त्याच्या आजोबांनी माझे सगळे भाग पाहिले होते, असं त्याने मला सांगितलं. आता अशीच दाद मिळते, दोन पिढ्या ओलांडून.

त्याने समजावलं ते असं. लाखो चेहरे, आवाज, हालचाली एकत्र केल्या की एक सरासरी माणूस तयार होतो. असा माणूस कुठेच नसतो, पण गणितात असतो. प्रत्येक खरा माणूस त्या सरासरीपासून कुठे ना कुठे ढळलेला असतो: एकाचा आवाज जरा चिरका, एकाचं नाक जरा लांब. तेवढं ढळणं म्हणजेच तो माणूस. नक्कल करणारा नेमकं ते ढळणं पकडतो आणि ताणतो. पण मनाला येईल तसं ताणत नाही. त्याच्या हाताला एक वळण असतं. माझ्या एकशे त्रेचाळीस नकला अशा होत्या ज्यांची मूळ माणसंही पडद्यावर टिकून होती. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून यंत्र माझा हात शिकलं. आता तोच हात जयवंतीवर उलटा फिरवायचा. चेहऱ्यासाठी बारा फोटो होतेच. आवाजासाठी केतकीच्या घशाची आणि जबड्याची ठेवण मोजून पाया धरायचा.

"आवाज तुम्ही सव्वादोन पट ताणता, सर," तो पडद्यावर बघत म्हणाला. "हात पावणेदोन पट. आणि बायकांच्या चालण्याला कधीच हात लावलेला नाही. एकदाही नाही."

माझ्या कलेबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी त्याला म्हटलं की हे पंचवीस वर्षांपूर्वी छापून आलं असतं तर बरं झालं असतं.

अडचण एकच होती. ताणलेलं सैल करता येतं. मुळात नसलेलं घातलं असेल तर यंत्राला ते सहजी ओळखता येत नाही. ते ज्याने घातलं त्यानेच सांगायचं. म्हणून जिवंत माणूस लागतो. फरहानने विचारलं, तुमची ती रकान्यांची वही आहे का अजून?

वही माझ्या कपाटात होती, जयवंतीच्या पानाचा कोपरा दुमडलेला. तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: श्वास, चार सेकंद.

केतकी शेजारी बसली होती. वही हरवली, असं मी सांगितलं. आठवणीवरून नवं पान भरून देतो. आणि कोऱ्या कागदावर तीन रकाने आखून पहिल्याच रकान्यात, 'आहे'खाली, मी लिहिलं: कापण्याआधी श्वास.

आयुष्यभर खऱ्यात खोटं मिसळून त्याला 'खोटं' असं लिहून ठेवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा रकाना चुकवला. वाटलं, एका मुलीची एकच तर आठवण आहे. ती चार सेकंदांची आणि माझी निघाली तर कुणाचं काय बिघडणार आहे.

*

तीन आठवड्यांनी फरहानचा फोन आला. केतकीला दुपारी बोलावलंय, म्हणाला, तुम्ही सकाळीच या.

मी एकटा पोचलो. काय वाटलं कुणास ठाऊक, निघताना वही बरोबर घेतली.

त्याने मला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर अडतीस आलेख एकाखाली एक लावले. अडतीस भागांतली जयवंती. "खरी लकब दर आठवड्याला थोडी बदलते," तो म्हणाला. "कारण तुम्ही त्या बाईंना रोज बघत होता. त्यांना सर्दी झाली तर तुमच्या जयवंतीचं नाक चोंदलेलं. टाचण्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पण हा श्वास बघा. अडतीस वेळा अगदी तसाच. चार सेकंद, एका दशांशाचाही फरक नाही. ज्याला मूळ नसतं ते बदलत नाही, सर."

तो पुढे एवढंच म्हणाला की त्याने दोन्ही बनवून ठेवली आहेत, श्वासासकट आणि श्वासाशिवाय. केतकीताईंना कुठलं दाखवायचं ते मी सांगायचं. यंत्राच्या अहवालात तो काही लिहिणार नव्हता.

आधी त्याने श्वासासकटचं लावलं. वैजयंतीबाई टेबलामागे उभ्या होत्या. गळ्यात टेप, कानावर खडू. "कसंय बघा," त्या म्हणाल्या, ओठांत टाचण्या धरूनच, आणि प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला. त्या बाहीचा मुंढा आखून दाखवत होत्या. खडू कापडावर कुठे जोरात टेकतो, कुठे नुसता सरकतो, मला पुढचं प्रत्येक वळण आधीच ठाऊक होतं. मग त्यांनी कात्री उचलली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आणि त्या गेल्या. चार सेकंद पडद्यावर त्यांचा चेहरा होता आणि आत मी होतो. साडी नेसलेला, टाळ्यांची वाट बघणारा एक माणूस. चार सेकंदांनी त्या परत आल्या आणि कापू लागल्या.

मी दुसरं लावायला सांगितलं. यात त्यांनी कात्री उचलली आणि कापायला लागल्या. मध्ये काही नाही. आखलेल्या रेषेवरून कात्री न थांबता, न उचलता गेली, आणि कापडाचे दोन तुकडे वेगळे झाले तेव्हा त्यांनी खालीही पाहिलं नाही. हे मी विसरलो होतो. त्या कधीच थांबत नसत. मी रोज दुपारी जे बघायला बसायचो ते हेच होतं, आणि विनोद व्हावा म्हणून मी नेमकं तिथेच थांबलो होतो.

मी फरहानला म्हटलं, हे दाखव.

त्याने विचारलं, "आणि त्या नखांचं?"

ते मी सांगतो, म्हटलं. कसं सांगायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

*

केतकी अडीचला आली. अडीचलाच यावं हे कुणी ठरवलं नव्हतं.

काहीही दाखवायच्या आधी मी पिशवीतून वही काढली, दुमडलेलं पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने वाचलं. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं 'पदरचं' म्हणजे काय ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, त्यामुळे पुन्हा सांगावं लागलं नाही. वही हरवली नव्हती, मी म्हटलं. श्वास तुझ्या आईचा नव्हता. मी घातला होता, लोक हसावेत म्हणून. आणि कदाचित त्याच हसण्याने तिचा कार्यक्रम बंद पडला. ती माझ्याशी बोलणार होती एकदा, मी पळून गेलो.

तिने पानावरून बोट फिरवलं. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना फिरवत असेल तसं. फरहान उगीच एक वायर गुंडाळत बसला.

"पण ती घ्यायची श्वास," केतकी म्हणाली. "मी बघितलंय. दर रविवारी."

"असेल. घेतच असणार."

"मग..." ती थांबली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. ते वर्णन करून सांगायला मला तीन रकाने पुरणार नाहीत. "म्हणजे आई तुमची नक्कल करायची?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्या बाईला माझा कार्यक्रम बघताना कल्पिलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने अर्ध्यात टीव्ही बंद केला होता.

केतकीने आईला बघायचं आहे म्हटलं. फरहानने श्वासाशिवायचं लावलं. ती खुर्चीत पुढे सरकून बसली. "कसंय बघा" ऐकल्यावर तिने हात तोंडावर नेला आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. कात्री न थांबता गेली. दोन तुकडे वेगळे झाले. सव्वा मिनिटाचं होतं सगळं. ते तिने चार वेळा पाहिलं.

"किती भरभर कापतेय," ती शेवटी म्हणाली. "माझी नखं कापायला मात्र तास लावायची."

फरहानने, बहुधा कामाचा भाग म्हणून, बहुधा नाही, तिला विचारलं की आई ते नेमकं कसं करायची, दाखवाल का. तिने आजूबाजूला पाहिलं आणि टेबलावरचा स्टेपलर उचलला. दुसऱ्या हातात माझा हात घेतला, एका बोटाचं टोक धरलं. स्टेपलर उगारला. डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. एक, दोन, तीन, चार. माझाच श्वास होता तो, दोन बायकांमधून फिरून आलेला. तोंडही मी करायचो तसंच, खालचा ओठ जरा पुढे. "बाई गं," ती म्हणाली, "आधी श्वास घे. मग कात्री घे."

आणि स्टेपलर धरलेल्या हाताचं मनगट उलटं करून तिने उजव्या कपाळावरून काहीतरी वर ढकललं. एकदा. पुन्हा एकदा.

तिथे काही नव्हतं. तिचे केस मागे घट्ट बांधलेले होते.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय?"

"ते मनगट."

तिला लक्षात यायला वेळ लागला. आई करायचीच की तसं, ती म्हणाली, श्वास झाला की. कपाळावर केस येत असतील. मग स्वतःच थांबली, कारण समोरच्या पडद्यावर आई गोठून उभी होती आणि तिचेही केस मागे घट्ट बांधलेले होते, कानावरचा खडू स्पष्ट दिसेल इतके.

मी फरहानला जयवंतीचे अडतीस भाग शोधायला सांगितले. मनगट, उजवं कपाळ. यंत्राला दोन मिनिटं लागली. एकवीस ठिकाणी सापडलं. मेस्त्रींनी प्रत्येक वेळी कापायला लावलेलं, संकलकाच्या हातून दर वेळी निसटलेलं. कुठे अर्धा सेकंद, कुठे त्याहून कमी. मनगट वर येताना दिसतं आणि दृश्य बदलतं. इतक्या वर्षांत ते कुणालाही दिसलं नव्हतं. ते दिसायला कार्यक्रम आवाज बंद करून बघावा लागतो. एकदा नाही, पुष्कळदा. आणि बघणाऱ्याला कापडात अर्ध्या बोटाची चूक दिसायची सवय असावी लागते.

जेवणाच्या रांगेत त्या माझ्या कपाळाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होत्या. काय बोलणार होत्या ते आता कुठल्याही यंत्राला काढता येणार नाही. तसा मी प्रयत्न करून पाहिला, रोज करतो.

"सर," फरहान म्हणाला, "हे कसं नोंदवू?"

"नोंदवतो मी," म्हटलं.

वहीतलं शेवटचं कोरं पान काढलं. वर नाव घातलं: पराग तारळेकर. खाली: नक्कल, वैजयंती मोहोळकर. तीन रकाने आखले. रेषा मेस्त्रींना चालल्या नसत्या.

'आहे'खाली लिहिलं: विग घसरणे.

मग केतकीला विचारलं की आई मनगट किती वेळा फिरवायची. दोनदा, ती म्हणाली, नेहमी दोनदा. मी एकदाच फिरवायचो. 'वाढवलं'खाली लिहिलं: दोनदा.

तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिथे त्यांचं स्वतःचं काहीतरी असायला हवं होतं, मुळात माझ्यात नसलेलं. त्याशिवाय माप पुरं होत नाही. मी केतकीला विचारलं, दोनदा मनगट फिरवल्यावर ती काय करायची? लगेच नख कापायची?

"नाही हो, काका," ती म्हणाली. मघापर्यंत सर होतो. "मी हसेपर्यंत थांबायची."

मी लिहून घेतलं.